मागची चाकं

अण्णांनी टायरवर टॉमीचा, म्हणजे चाक काढायच्या लोखंडी दांड्याचा, एक दणका घातला, मान तिरकी करून आवाज ऐकला, अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं आणि निकाल दिला, "ह्यो चालतोय."

"रिमोल्ड हाय मामा त्यो," मुबारकभाई म्हणाले. "म्हंजे माल चांगला हाय. पर नवा पायजे आसंल तर लोडिंग टेम्पोचा मागवतो, जाड बनावटीचा. कोल्हापुरातनं यायला आठवडा जाईल."

"आठवडाभर देवीची पालखी थांबतीया व्हय माझ्यासाठी?"

कराडला कोल्हापूर नाक्यापाशी मुबारक शिकलगारांचं टायरचं दुकान होतं. दुकानासमोर दगडांच्या थप्पीवर आमचा डबा उभा होता. दोन्ही चाकं काढलेली असल्यामुळे तो भर रस्त्यात धोतर सुटलेल्या म्हाताऱ्यासारखा ओशाळा दिसत होता. मी अण्णांची थोरली मुलगी, शालन. बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिथं आले होते. माझं तिथं काम काहीच नव्हतं. पण मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी त्या गोष्टीच्या जवळ जाऊन उभी राहते. अण्णा मला लहानपणापासून भागूबाई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. विजेचं बटण दाबताना पायात चप्पल आहे ना, हे मी आजही बघते.

डबा हे नाव अण्णांनी ठेवलेलं. कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा कुणी परदेशी इंजिनियर ही घरासारखी गाडी घेऊन आला होता. जीपच्या मागे जोडायची, आत पलंग, कपाट, दोन बाजूंना दोन खिडक्या, एकीकडे एक चाक आणि दुसरीकडे एक. साहेब गेला, गाडी राहिली. शेवटी ती पाटणच्या एका पोल्ट्रीवाल्याच्या परड्यात जाऊन पडली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी आईच्या मणक्याचं दुखणं निघालं. पाव तासापेक्षा जास्त बसायचं नाही, आडवं पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवसांनी कुणाच्या तरी ट्रॉलीत घालून अण्णा हा डबा घेऊन आले.

"ह्यात झोपून जाशील म्हायेरला," ते आईला म्हणाले.

आईचं माहेर गुहागरकडचं. अण्णा तरुणपणी त्या गावाच्या मुक्कामाच्या गाडीवर होते. रात्री गाडी लावली की ज्या घरातून त्यांना प्यायला पाणी आणि जेवायला ताट यायचं, त्याच घरातली मुलगी त्यांनी पुढे बायको करून आणली. शिमग्यात देवीची पालखी माझ्या मामाच्या अंगणात यायची ती तिथी ठरलेली असते. दुखणं सुरू झाल्यापासून आईला ती पालखी दिसली नव्हती.

डबा दारात आला तेव्हा आईनं खाटेवरूनच विचारलं, "मी आत असणार ना? आणि गाडी तुम्हीच चालवणार?"

"मग काय तुझा भाऊ चालवणार?"

"बास तर," आई म्हणाली.

मला या "बास तर"चं नवल वाटलं. कोंबड्यांचा वास तेव्हा अजून गेला नव्हता.

मुबारकभाईंच्या दुकानात अण्णांनी हयगय केली नाही, हे मी मुद्दाम सांगते. जुन्या डिस्का, म्हणजे टायर ज्यावर बसतो ती लोखंडी चाकं, गंजलेल्या होत्या, बोल्टची भोकं झिजून लांबट झाली होती. त्या अण्णांनी हातात धरल्या आणि सरळ भंगारात टाकल्या. जुन्या टायरचं माप तर मुबारकभाईंनीही आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मग जीपच्या डिस्का शोधल्या. पाच भोकं जुळली. तेवढ्यावर अण्णा थांबले नाहीत. डिस्क हबवर नीट बसते का, मध्ये फट राहते का, ते त्यांनी बोट फिरवून बघितलं, चाक हातानं गरकन फिरवलं आणि कडेशी खडूचा तुकडा धरला. खडू सगळीकडून सारखा घासला, म्हणजे चाक हेलकावत नाही. मी हे सगळं बघत होते आणि माझी भीती एकेका बोल्टाबरोबर उतरत होती. टायरची पाळी आली तेव्हा ती पुन्हा वर चढली.

रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर नवीन रबर चढवून केलेला टायर. दिसायला तो नव्याहून नवा असतो, काळाभोर आणि खोल नक्षीचा.

"अण्णा, नवेच बसवूया ना," मी म्हटलं. "आईला घेऊन जायचंय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, शिकवायच्या नजरेनं. "शालन, फुडचं चाक गाडीला वाट दावतं. त्यो फुटला तर गाडी खड्ड्यात. म्हणून फुडं नवा. मागचं चाक निस्तं मागनं येतं. तितं रिमोल्ड. आक्खी नोकरी ह्याच्यावर केली मी, घाटात केली. कवा धोका झालाय?"

"न्हाई बा," मुबारकभाई म्हणाले. "मामांच्या गाडीला ओरखडा न्हाई कवा."

"मग? डब्याची चाकं फुडं हायत का मागं?"

"मागं," मी म्हटलं.

"झालं तर."

इतकं सरळ होतं ते. मला पटलं. मुबारकभाईंना पटलं. त्या गावात चाकांच्या बाबतीत हणमंत डुबल ड्रायव्हरांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, पुढे तोंड उघडेल असा माणूस नव्हता. अण्णांनी एक जास्तीची काळजी म्हणून मित्राकडून आणलेल्या जीपचे दोन चांगले टायर पुढे घेतले आणि मगच ते समाधानानं चहा प्यायला बसले.

निघायच्या सकाळी डब्यात सामान चढलं. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, त्यात घाटावरून कोकणात जाताना तर नाहीच. गुळाच्या ढेपा, शेंगांचं पोतं, ज्वारीचं पोतं. ते सगळं आईच्या पलंगाखाली गेलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. आईला आम्ही गादीसकट उचलून वर ठेवलं. ती उशीवर डोकं टेकवून खिडकीतून बाहेर बघायला लागली आणि एकदम लहान दिसली.

मी आत तिच्यासोबत बसणार, अण्णा पुढे जीपमध्ये एकटे. मध्ये बोलायचं कसं, हा प्रश्न होता. अण्णांनी त्यावर आधीच तोड काढली होती. भंगारातून त्यांनी बसची घंटी आणली होती. ती जीपमध्ये स्वतःच्या डोक्यापाशी ठोकली आणि तिची दोरी मागच्या पडद्यातून काढून डब्याच्या पुढच्या झरोक्यातून आत सोडली.

"एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल," ते म्हणाले. "आयला बरं वाटत आसंल तर मधनंमधनं दोन दे. म्हंजे मला कळंल."

मग त्यांनी डब्याचं दार लावलं आणि धक्क्यांनी उघडू नये म्हणून बाहेरून कडी घातली. कडीचा आवाज झाला. मी आईला म्हटलं, "बाहेरून लावलंय." आई म्हणाली, "लागू दे. वारा छान येतोय."

पाटण गेलं, कोयनानगर गेलं. मी मधूनमधून दोन घंट्या द्यायचे आणि पुढून अण्णांचा हॉर्न यायचा. आई हसायची. हेळवाकला अण्णांनी चहासाठी गाडी थांबवली, दार उघडलं, आईला बशीतून चहा पाजला आणि मग चारी बाजूंनी फिरून एकेका टायरला उलटा हात लावला. डब्याच्या एका टायरपाशी त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तापलाय. ह्या अंगाला ज्वारी हाय न्हवं. ऊनबी हाय." त्यांनी हात धोतराला पुसला. "भागूबाई, चल बस."

मी बसले. कुंभार्ली घाट सुरू झाला.

घाट उतरताना डबा जीपला मागून ढकलत असतो. आत बसलेल्याला ते अंगात कळतं. प्रत्येक वळणाला डब्याचं मागचं अंग बाहेर जायचं आणि खिडकीतून रस्ता नाहीसा व्हायचा. खाली नुसते झाडांचे शेंडे दिसत. मी जमिनीवर बसून पलंगाचा पाय धरला होता. फाल्गुनातलं दुपारचं ऊन पत्र्यावर पडलं होतं आणि आत भट्टी झाली होती.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मला वाटलं, शेंगांचं पोतं हलतंय. थप्. मग थोडं थांबून पुन्हा थप्. तो आईच्या पलंगाच्या बरोबर खालून येत होता. मी कान दिला. थप्, थप्, थप्. गाडीचा वेग वाढला की तो भराभर यायचा, वळणावर सावकाश. म्हणजे तो चाकाचा होता.

"आई, ऐकू येतंय?"

"येतंय," आई म्हणाली. ती छताकडे बघत होती.

मग खालून फळीवर फटका बसला. इतक्या जोरात की फळी उचकली आणि फटीतून धूळ वर आली. चाकावरचं रबर सुटून त्याचा पट्टा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला खालच्या पत्र्यावर आपटत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, खाली कुणीतरी घण घालतंय. जळक्या रबराचा वास आला. मी दाराकडे झेपावले, दार ढकललं आणि मग आठवलं की कडी बाहेरून आहे.

"अण्णा," मी ओरडले. "अण्णा, थांबा." पुढे जीपचं इंजिन गुरगुरत होतं. त्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मी दोरी धरली आणि ओढली. ओढत सुटले. टणटण टणटण टणटण. पुढून हॉर्न आला, लांबलचक, मजेतला. आणि गाडीचा वेग वाढला.

तो क्षण मी अजून विसरलेले नाही. मी आणखी जोरात ओढत होते, आणि गाडी आणखी जोरात चालली होती. खालचे फटके एकात एक मिसळले. कपाटाचं दार उघडून पितळी डबे माझ्या अंगावर आले. खिडकीत आता रस्ता नव्हताच. आपण मरणार, असं मला अगदी स्वच्छ वाटलं. घरी माझी लहान मुलगी शेजारणीकडे होती. तिची वेणी घालायची राहिली होती, हेही त्याच वेळी वाटलं.

"शालन, दोरी सोड," आई म्हणाली.

मला सोडता येईना. बोटं उघडतच नव्हती. आईनं पलंगावरून कुशीवर वळून, ज्या पाठीनं तिला बसवत नव्हतं त्या पाठीनं, अर्धं उठून माझ्या हातातून ती दोरी सोडवून घेतली. एकदा ओढली आणि सोडून दिली.

टण्.

पुढचा हॉर्न मध्येच तुटला. जीपचा खालचा गिअर पडल्याचा आवाज आला, आणखी एक, आणि वेग उतरायला लागला. आई अर्धी उठलेली तशीच होती. ती पुटपुटत होती, "सावकाश. सावकाश घ्या. एकदम दाबू नका." जणू अण्णा तिच्या उशाशी बसले होते.

मग टायर फुटला. डबा एका अंगाला धाडकन खाली बसला, लोखंड रस्त्यावर खरवडत गेलं, गुळाची ढेप पलंगाखालून निसटून दारावर आदळली. मी आईला मिठी मारली, की आईनं मला, ते सांगता येणार नाही. सगळं खरवडत, तिरकं होत कुठंतरी टेकलं आणि थांबलं.

कडी उघडली. दारात अण्णा होते. त्यांच्या तोंडाला रंग नव्हता. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ते आईकडे बघत राहिले.

"मी आहे," आई म्हणाली.

डबा दरीच्या कठड्याला टेकून उभा होता. वेग जरा जास्त असता तर तो कठडा पुरला नसता. ते बघितल्यावर मी रस्त्यातच बसले. खालून वर येणारी एक एसटी थांबली, माणसं उतरली. त्यांनी आईला गादीसकट उचलून वळणापुढच्या रुंद जागेत आंब्याच्या सावलीला ठेवलं, डबा ढकलून आत घेतला, चाकाखाली दगड लावले. कुणी काय झालं विचारलं की अण्णा नुसता हात हलवायचे. एसटी गेली. मग ते चाकापाशी जाऊन उकिडवे बसले. रबराचा पट्टा सोललेल्या सालीसारखा लोंबत होता आणि डिस्कची कड चेपली होती.

"घंटी का वाजवत हुतीस तू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"थांबा म्हणून."

"मला वाटलं, चला म्हणतीया. डबलच्या डबल वाजवतीया. म्हणलं, हिला लई बरं वाटतंय, दर्या दिसला का काय." ते थांबले. "म्हणून मी जरा सोडली गाडी."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. ते त्या चाकाकडे बघत होते.

"यष्टीला मागं एका अंगाला दोन चाकं आस्त्यात, शालन. जोडी. एक गेला तर दुसरा तोलून धरतो. म्हणून तितं रिमोल्ड चालतो. आयुष्यभर माझ्या डोक्यात मागचं चाक म्हंजे जोडी." त्यांनी तापलेल्या डिस्कला बोट लावलं आणि काढलं नाही. "हितं एका अंगाला एकच हाय. ही मागची चाकं न्हाईतच. तुझ्या आयच्या वझ्याखाली हायत ती एवढीच. मला कळाय पायजे हुतं. मुबारकला न्हाई, तुला न्हाई. मला."

स्टेपनी होती, पण तीही रिमोल्डच. अण्णांनी ती काढली, हातात धरली आणि पुन्हा ठेवून दिली. खाली उतरणाऱ्या एका ट्रकला हात केला आणि चिपळूणला निघून गेले.

आम्ही दोघी सावलीत राहिलो. रस्त्यावर कसलाही आवाज झाला की मी दचकून उभी राहायचे. आई पडल्या पडल्या सांगायची, "ट्रक आहे, भरलेला. चढतोय." खरंच तसाच ट्रक यायचा. "ही एसटी. दुसऱ्या गिअरला आहे." एसटीच यायची.

"तुला कसं गं कळतं?" मी विचारलं.

"कळतं," ती म्हणाली.

"आई, तुला भीती नाही वाटली?"

ती उत्तर देणार होती, पण खालच्या वळणावर पुन्हा कुठलंसं इंजिन ऐकू आलं आणि ती तिकडे कान देऊन राहिली. ते अण्णा नव्हते. तिनं डोळे मिटले. मला तिचा थोडा राग आला. आपण एवढे मरता मरता वाचलो आणि ही बाई पालखी बघायला निघाल्यासारखी स्वस्थ पडली आहे, असं वाटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा एका टेम्पोतून अण्णा उतरले. बरोबर दोन नव्या डिस्का आणि तीन टायर. मी बघितलं, ते लोडिंगचे होते, जाड, ताठ कडांचे, दाबून न दबणारे. टायरच्या अंगावरचे आकडे अण्णांनी मला बोटानं दाखवले. किती वजन पेलतो, ते तिथं लिहिलेलं असतं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं म्हणाले. आजवर नक्षी बघून आणि दणका घालूनच घेत आले होते.

"दुकानदारानं इचारलं, काय माल भरता गाडीत. त्यावर टायर ठरतो." ते जॅक लावत होते. "म्हणलं, बायको."

त्यांनी दोन्ही चाकं बदलली, फुटलेलं आणि न फुटलेलंही. ज्वारीचं पोतं आणि ढेपा काढून जीपमध्ये घेतल्या. खडू नव्हता, म्हणून आगपेटीची काडी धरून चाक फिरवून बघितलं. नट आवळले. मग हात पुसत आईच्या गादीपाशी येऊन बसले.

"आता ऐक," ते म्हणाले. "आत्ता चिपळूणची यष्टी यील. ड्रायव्हरला सांगतो, मागच्या बाकावर तुला आडवी घालतो. शालन हाय संगं. पोफळीला उतरा आन् थांबा. मी रिकामा डबा घेऊन सावकाश येतो. चाक कसं चालतंय ते कळंल. मग खालनं बस पुन्यांदा."

माझ्या जिवात जीव आला. मी लगेच पिशवी उचलली.

"मी नाही जायची," आई म्हणाली.

"आगं, चाक नवं हाय. घाट हाय. तू आत नगंस."

"आणि तुम्ही?"

"मी हायच की. मला काय हुतंय?"

"म्हणजे तुम्ही गाडीवर, आणि मी खाली वाट बघत बसायचं."

"थोडा येळ."

"थोडा वेळ," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी पिशवी खाली ठेवली. "लग्न झाल्यापासून तेच करतेय मी. मुक्कामाची गाडी असली की रात्रभर. पावसात घाटात दरड पडली की दिवसभर. शेजारीण म्हणायची, कुठंशी बस उलटली म्हणे, आणि मी पीठ मळत असले तर तसंच मळत राहायचं, कारण पोरं बघत असायची. कोपऱ्यावरून गाडी वळली की आवाज ऐकायचा, आपली की दुसऱ्याची. तुम्ही दारात येऊन चप्पल काढलीत की माझा दिवस संपायचा. तुम्ही जेवून झोपायचात. सकाळी परत ड्युटी."

अण्णा तिच्याकडे बघत होते.

"मला कवा बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"बोलले असते तर तुमच्यानं गाडी चालवली गेली असती?"

अण्णा हातावरचं काळं धोतराला पुसत राहिले.

"तुम्ही डबा आणलात तेव्हा मला पालखीचं एवढं वाटलं नाही. मला वाटलं, आता काय होईल ते दोघांचं एकदमच होईल. मागून कुणी येऊन मला कळवायचं राहणार नाही." ती थोडी थांबली. तिला पाठ दुखत होती. "मला आत बसून घाबरू द्या. घरात बसून घाबरायचं आता माझ्यानं होत नाही."

चिपळूणची एसटी आली. अण्णांनी हात केला नाही. ती गेली.

मग ते उठले, पाना घेतला आणि दोन्ही चाकांचे आवळलेले नट पुन्हा एकदा आवळले. मला वाटतं, ते रडत होते, कारण त्यांना त्या कामाला फार वेळ लागला. आम्ही आईला आत ठेवलं. दार लावताना ते म्हणाले, "शालन, तू यष्टीनं गेलीस तरी चालंल. तुझं लेकरू हाय घरी." मला जायचं होतं. खरंच जायचं होतं. मी आत चढले आणि आईच्या पलंगापाशी खाली बसले.

गाडी हलली. अण्णा माणूस चालतो त्याहून थोडं जोरात, एवढ्याच वेगानं उतरत होते. मागून गाड्या हॉर्न देत होत्या आणि ते देऊ देत होते. पहिलं वळण आलं, डब्याचं अंग बाहेर गेलं, खिडकीत झाडांचे शेंडे आले. मी घाबरून आईचा हात धरला.

तो गार पडला होता आणि घामानं चिंब होता. माझा हात कापत होता, पण त्याहून जास्त तिचा कापत होता. मी वर बघितलं. तिनं खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

"आई, तू तर माझ्यापेक्षा..."

"गप," आई म्हणाली. "वळण आलं."

मी गप्प झाले आणि तिचा हात आणखी घट्ट धरला. खाली पोफळीची कौलं दिसेपर्यंत आम्ही दोघी मनसोक्त घाबरलो.